काढून टाकण्याचा अधिकार

दिवाळी चार दिवसांवर आली की आमच्या घरात एक प्रश्न हमखास उभा राहतो. माळ्यावरचे सामान खाली उतरते, अंगणभर पसरते, आणि पत्नी एकेक वस्तू हातात घेऊन विचारते, "अहो, हे ठेवायचं की टाकायचं?" कान तुटलेली बरणी, पाय मोडलेला पाट, कुणाच्या तरी बारशाची रिकामी टोपली, दोऱ्याने बांधलेला जुन्या किल्ल्यांचा जुडगा. पूर्वी मी फार उदारपणे 'टाक' म्हणत असे. जागा मोकळी झाली की मनही मोकळे होते, अशी माझी समजूत होती. 2016 सालच्या दिवाळीपासून मात्र हा शब्द माझ्या तोंडून सहज निघेनासा झाला. याला कारण झाला आमच्या शाळेतला एक संगणक. त्याची हकीकत सांगावी आणि तिच्यातून निघालेला प्रश्न वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. मेहकर तालुक्यातल्या एका शाळेत मी मास्तर आहे, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. संगणकाचे शास्त्र मी शिकलेलो नाही. त्यातले जे थोडेफार कळते ते मोडतोड करताना कळले. पण कादंबऱ्या मी स्वतःच टाइप करतो, एवढ्या भांडवलावर शाळेत माझी गणना जाणकारांत होते. कचेरीतला जुना संगणक फार रेंगाळू लागला तेव्हा मुख्याध्यापकांनी तो माझ्याकडेच सोपवला. "दिवाळीची सुट्टी लागायच्या आत एवढा साफ करून द्या," ते म्हणाले.

मी साफसफाईला बसलो. त्या संगणकात मराठी टंकलेखनाचे एक जुने सॉफ्टवेअर होते. आम्ही सगळे आता युनिकोडमध्ये लिहीत होतो. त्या सॉफ्टवेअरला वर्षानुवर्षे कुणी हात लावला नसावा. मी ते काढायला घेतले. मधेच पडद्यावर एक चौकट आली. इंग्रजीत तिने विचारले, त्याचा मथितार्थ असा: 'ही फाइल सामाईक आहे. आता हिचा उपयोग कुणी करीत नसावे असे दिसते. काढून टाकू का?' खाली बटणे होती: होय, सगळ्यांना होय, नाही, सगळ्यांना नाही. पहिल्या फाइलीच्या वेळी मी क्षणभर थांबलो आणि 'होय' म्हटले. दुसऱ्या वेळी थांबलो नाही. तिसऱ्या वेळी कंटाळून 'सगळ्यांना होय' दाबून टाकले. संगणक खरोखरच थोडा चपळ झाला. मी हात झटकले आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या शाळेच्या बाबूंनी दाखल्यांचा कार्यक्रम उघडला, तो उघडेना. अमुक एक फाइल सापडत नाही म्हणून कार्यक्रम सुरू करता येत नाही, असे यंत्र सांगत होते. जुनी पत्रे उघडली तर त्यांत मराठीचा मागमूस नव्हता. इंग्रजी अक्षरे, कंस, टिंबे आणि प्रश्नचिन्हे यांचा चिवडा झालेला. आणि नेमक्या त्याच दिवशी एक गृहस्थ मुलीच्या दाखल्यासाठी आले होते. मुलीला नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला जागा मिळालेली, मूळ दाखला प्रवासात हरवलेला, दुसरी प्रत चार दिवसांत दाखवणे भाग. बाबूंनी त्यांना 'उद्या या' म्हणून सांगितले. ते दिवस सोयाबीनच्या सोंगणीचे होते. गृहस्थ म्हणाले, "साहेब, उद्या येऊ का परवा येऊ, एकदाच सांगा. रोज बुडवून येतो मी."

घडले काय होते, ते मला पुढे समजले. शास्त्राचे शब्द टाळून मी ते सांगतो, कारण पुढचा सगळा विचार त्यावर उभा आहे.

संगणकातला एखादा कार्यक्रम म्हणजे एकसंध दगड नव्हे. तो पुष्कळ लहान लहान तुकड्यांचा बनलेला असतो. त्यांतले काही तुकडे त्याचे स्वतःचे, तर काही सामाईक असतात. अक्षर पडद्यावर काढणे, छापण्याची आज्ञा देणे, चौकट उघडणे ही कामे प्रत्येकच कार्यक्रमाला लागतात. मग प्रत्येकाने ती वेगळी का लिहावीत? एकाने लिहून ठेवावीत आणि बाकीच्यांनी लागतील तेव्हा हाक मारावी. अशा सामाईक तुकड्यांना डीएलएल म्हणतात. म्हणजे हवे तेव्हा जोडून घेण्याचा संग्रह. 1985 साली विंडोजची पहिली आवृत्ती निघाली तेव्हापासून ही व्यवस्था आहे. त्या काळी संगणकाची स्मृती फार महाग होती. एकच वस्तू दहा जणांनी दहा वेळा ठेवणे कुणालाच परवडणारे नव्हते. थोडक्यात, हे एकत्र कुटुंब काटकसरीतून जन्मले होते, जशी बहुतेक एकत्र कुटुंबे जन्मतात.

पण एकत्र कुटुंबाची खरी परीक्षा कुणी वेगळे निघू लागला की होते. दोन कार्यक्रम एकच तुकडा वापरीत आहेत आणि त्यांतला एक काढून टाकायचा आहे. तुकडा तसाच ठेवला तर अडगळ वाढते. काढला तर दुसरा कार्यक्रम लंगडा होतो. 1995 साली निघालेल्या विंडोजमध्ये यावर एक साधी तोड होती. प्रत्येक सामाईक तुकड्यापुढे एक आकडा लिहून ठेवायचा. नवा कार्यक्रम आला आणि त्याने तो तुकडा घेतला की आकडा एकाने वाढवायचा. कार्यक्रम गेला की एकाने कमी करायचा. आकडा शून्यावर आला की माणसाला विचारायचे: आता कुणी वापरीत नसावे, काढू का? मला जी चौकट दिसली ती हीच.

तोड चांगली, पण तिच्यात एक मेख आहे. आकड्यात तोच मोजला जातो, ज्याने आपले नाव लावले. आमचा दाखल्यांचा कार्यक्रम आमच्याच एका हुशार माजी विद्यार्थ्याने वर्षांपूर्वी हौसेने करून दिला होता. पुढे तो नोकरीला पुण्यास गेला. त्याने मराठी अक्षरे काढण्याची खटपट स्वतः केली नाही. संगणकात आधीच असलेल्या त्या जुन्या सॉफ्टवेअरचा तुकडा वापरला, आणि त्या आकड्यात आपली भर घालायचे राहून गेले. घरात राहतो, जेवतो, पण शिधापत्रिकेवर नाव नाही, अशा पाहुण्यासारखे झाले. आकडा म्हणाला 'शून्य', आणि मी म्हणालो 'होय'.

जुन्या पत्रांची गोष्ट याहून चमत्कारिक. युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 साली आली आणि तिच्यात देवनागरीला स्वतःची जागा मिळाली. पण ती गावोगावच्या कचेऱ्यांत पोहोचायला पुष्कळ वर्षे लागली. तोवर मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर बसवली जात. पत्राच्या फाइलीत नुसते खुर्च्यांचे क्रमांक असत. त्या खुर्चीवर 'क' बसला आहे की 'ळ', हे फाँटाच्या फाइलीला ठाऊक. प्रत्येक सॉफ्टवेअरची बैठक निराळी. मी सॉफ्टवेअर काढले तेव्हा त्याच्याबरोबर त्याचे फाँटही गेले. पत्रे जागच्या जागी होती, एक खूणही पुसली गेली नव्हती. फक्त ती वाचण्याची किल्ली मी फेकून दिली होती. अक्षर म्हणजे ज्याला क्षर नाही ते, असे आपण शाळेत शिकवतो. ते अक्षर कशाच्या आधाराने उभे असते, हे शिकवायचे राहून जाते.

आता प्रश्न असा. यात माझी चूक काय होती? अज्ञान ही चूक म्हणावी, तर यंत्राने मला स्पष्ट विचारले होते. अधिकार नसताना काढले म्हणावे, तर मुख्याध्यापकांनी तो अधिकार मला दिला होता. ते सॉफ्टवेअर शाळेचे, संगणक शाळेचा, काम शाळेने सांगितलेले. आपल्या मालकीची, आपल्याला नको असलेली वस्तू काढून टाकण्याचा अधिकार माणसाला आहे की नाही? आणि असेल, तर त्यावर टेकून उभ्या असलेल्याचे काय?

हा प्रश्न माझ्या मनात घोळत असताना मला आमच्या जुन्या घराची भिंत आठवली.

आमचे वाडवडिलांचे घर धाब्याचे. आजोबांच्या पश्चात वाटण्या झाल्या आणि मधली एक भिंत वाटणीपत्राप्रमाणे थोरल्या काकांकडे गेली. काही वर्षांनी काकांनी सिमेंटचे घर बांधायला काढले आणि वैशाखात ती भिंत पाडली. कागद त्यांच्या बाजूचा. कुणी हरकत घेतली नाही. पण आमच्या धाब्याच्या तुळया त्या भिंतीत रोवलेल्या होत्या. आजोबांनी घर बांधले तेव्हा दोन बिऱ्हाडे नव्हतीच. कुणाची तुळई कुणाच्या भिंतीत, हा विचार कोण करणार? काकांनी तुळयांच्या टोकांखाली विटांचे तात्पुरते खांब रचले, आणि सगळ्यांना वाटले की झाले. आषाढातल्या एका रात्री पावसाने धाब्याची माती जड झाली, खांब खचले, आणि आमचे छप्पर खाली आले. पडले नाही, वीतभर खचले. पण त्या रात्रीचा तो आवाज मी अजून विसरलेलो नाही.

वडील आणि काका अंगणात समोरासमोर उभे राहिले. काका म्हणाले, "भिंत माझी होती." वडील म्हणाले, "तुझीच होती." काका म्हणाले, "तुम्ही कधी बोलला होता का?" वडील गप्प राहिले. तेव्हा आजी ओसरीवरून म्हणाली, "भिंत त्याची होती रे, पण तिच्यावरचा भार आपला होता."

आजी शाळेत गेलेली नव्हती. पण या विषयावर मी पुढे जे काही वाचले, त्यात याहून नेमके वाक्य मला सापडले नाही. मालकी ही एक गोष्ट आणि भार ही दुसरी. वाटणीपत्रात मालकी लिहिली जाते. भार लिहिण्यासाठी त्यात रकाना नसतो. आपल्या जुन्या धर्मशास्त्रकारांना याची जाण होती असे दिसते. मनुस्मृतीत भावांनी ज्यांची वाटणी करू नये अशा वस्तू सांगितल्या आहेत, त्यांत पाणी आहे आणि जाण्यायेण्याची वाट आहे. शेताचे तुकडे पाडता येतात. विहिरीच्या पाण्याचे आणि वाटेचे तुकडे पाडले तर कुणाच्याच हाती काही उरत नाही.

या भिंतीची एक फार मोठी आवृत्ती जगाने 2016 सालीच, मार्च महिन्यात पाहिली. मला ती माझ्या फजितीनंतर कळली. जगभरचे प्रोग्रामर आपण लिहिलेले लहान लहान तुकडे एनपीएम नावाच्या एका सामाईक कोठारात ठेवतात आणि एकमेकांचे वापरतात. त्यात अझेर कोचुलू नावाच्या प्रोग्रामरचे अडीचशेवर तुकडे होते. त्यांपैकी एका तुकड्याच्या नावावरून एका कंपनीशी त्याचा वाद झाला, कोठाराच्या चालकांनी ते नाव कंपनीला देऊ केले, आणि रागावून त्याने आपले सगळेच तुकडे काढून घेतले. त्यांत 'लेफ्ट-पॅड' नावाचा एक तुकडा होता. अवघ्या 11 ओळींचा. त्याचे काम एवढेच की शब्दाच्या डाव्या अंगाला ठरावीक रुंदी भरेपर्यंत रिकाम्या जागा घालायच्या. पण दुसऱ्या कार्यक्रमांनी तो वापरला होता, त्यांना तिसऱ्यांनी, तिसऱ्यांना चौथ्यांनी. पाहता पाहता जगभरातल्या हजारो कार्यक्रमांची बांधणी अडली. ज्यांची अडली त्यांतल्या बहुतेकांना असा काही तुकडा आपल्या घरात आहे हेच माहीत नव्हते. शेवटी सुमारे दोन तासांनी चालकांनी मूळ लेखकाचा शब्द न घेता तो तुकडा परत जागेवर ठेवला, आणि पुढे काढून घेण्याचे नियमही कडक केले.

कोचुलूची चूक होती का? त्याने आपली वस्तू नेली. पैसे कुणी दिले नव्हते, करार कुणाशी नव्हता. ज्यांनी तिच्यावर घरे बांधली त्यांनी त्याला विचारले नव्हते, बहुधा आभारही मानले नव्हते. मला वाटते, इथे दोष एकाच्या पदरात टाकून मोकळे होता येत नाही. जो दुसऱ्याच्या भिंतीत तुळई रोवतो त्याने निदान 'रोवतो आहे' एवढे सांगावे, आणि भिंत गेली तर काय, याचा विचार करून ठेवावा. माझ्या वडिलांनी तो केला नव्हता. आमच्या माजी विद्यार्थ्यानेही केला नव्हता. पण म्हणून भिंत पाडणारा सुटत नाही. टेकणाऱ्याचा निष्काळजीपणा हा आपल्या निष्काळजीपणाचा परवाना होऊ शकत नाही. आपल्याला ठाऊक नसलेला माणूसही आपल्या कृतीखाली सापडू शकतो, आणि सापडला तर त्याची दुखापत खरीच असते.

यावर कुणी म्हणेल, मग काहीच काढू नये! जिथे तिथे कुणाचा तरी भार असणारच. हा आक्षेप खरा आहे आणि तो गंभीर आहे. त्या आकड्यांच्या व्यवस्थेचेच पाहा. काही कार्यक्रम आपली नोंद करायला विसरतात, तसे काही दोनदोनदा नोंद करतात. त्यांच्यामुळे आकडा कधीच शून्यावर येत नाही आणि निरुपयोगी तुकडा कायमचा ठाण मांडून बसतो. माणसांच्या सभेतही हेच घडते. जो मोठ्याने ओरडतो तो दोनदा मोजला जातो. जो दाराबाहेर उभा आहे तो एकदाही नाही.

महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट आठवावी. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले असावेत, असा ठराव 1923 साली मुंबईच्या कायदेमंडळात झाला. महाडच्या नगरपालिकेनेही 1924 मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे सामाईक झाले. पण 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तिथे पाणी प्यायले, तेव्हा केवढा गहजब झाला! पिढ्यान्पिढ्यांची रीत काढली तर समाजाची इमारत ढासळेल, असे म्हणणारे पुष्कळ होते. रीत काढू नका, तिच्यावर भार आहे, हा युक्तिवाद ते करीत होते. त्यांच्या आकड्यात, ज्यांना पाणीच मिळत नव्हते ती माणसे धरलेलीच नव्हती.

म्हणून मी आजीच्या वाक्याला माझ्यापुरती एक पुस्ती जोडतो. भिंतीवर कुणाचा भार आहे हे पाहावे, तसेच भिंतीखाली कोण चेंगरले आहे हेही पाहावे. कुणी चेंगरत असेल तर ती भिंत गेलीच पाहिजे; वर टेकलेल्यांसाठी टेकू शोधणे हे पुढचे काम. पण कुणीच चेंगरत नसेल, नुसती जागा अडत असेल, तर घाई कसली? चुकून ठेवले तर आपली थोडी जागा जाते. चुकून काढले तर दुसऱ्याचे काम जाते. या दोन चुका सारख्या नव्हेत. आणि ज्याला माहिती नाही त्याला प्रश्न विचारला गेला, तर त्याचे प्रामाणिक उत्तर 'होय' असू शकत नाही. माहिती होईपर्यंत ते 'नाही' असते. त्या चौकटीपुढे मी एवढे केले असते तरी पुरे होते.

संगणक घडवणारेही अनुभवाने हेच शिकले. 2000 सालापासून विंडोज आपल्या महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत बाजूला ठेवू लागले. मूळ कुणी पुसली तर गुपचूप ती परत जागेवर ठेवायची. कालच्या स्थितीवर संगणक परत नेण्याची सोयही त्याच सुमारास आली. पुढे असेही ठरले की, एकाच तुकड्याच्या निरनिराळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी नांदू द्याव्यात. जागा अधिक लागली तरी चालेल, भांडण नको. आमच्या शाळेच्या संगणकात ती परत फिरण्याची सोय होती. जागा वाचावी म्हणून कुणीतरी ती आधीच बंद केलेली होती. काटकसर नेहमी अशाच ठिकाणी महाग पडते.

आता माझ्या हकीकतीचा राहिलेला भाग सांगतो. तो सांगायला मला जड जाते. पण तो गाळला तर वर लिहिलेल्या सगळ्या शहाणपणाला काही अर्थ राहणार नाही.

संगणक बिघडला त्या दिवशी मुख्याध्यापक बाबूंवर रागावले. "काल शेवटी बंद कुणी केला? तुम्हीच ना?" त्यांचा आवाज शिक्षकांच्या खोलीपर्यंत येत होता. मी तिथे वह्या तपासत बसलो होतो. काय झाले असावे याचा अंदाज मला त्या क्षणीच आला. तरी मी उठलो नाही. मनाशी म्हटले, कशावरून माझ्यामुळेच? आधी खात्री करून घेऊ, दुरुस्त करू, मग सांगू. दुरुस्त करून सांगितलेल्या चुकीला लोक हसतात. न दुरुस्त केलेल्या चुकीला बोल लावतात, एवढाच खरा हिशेब होता. दोन दिवस मी मधल्या सुट्टीत चोरासारखा संगणकापाशी जात होतो आणि काही जमत नव्हते. दोन दिवस बाबू मान खाली घालून वावरत होते. आणि मुलीचे वडील दुसऱ्यांदा येऊन परत गेले होते.

यंत्र कोणती वस्तू हरवली हे सांगते. ती कुणी नेली हे सांगत नाही. ते सांगणे माणसाकडे असते.

तिसऱ्या दिवशी ते गृहस्थ पुन्हा आले. या वेळी ते काही बोलले नाहीत. कचेरीच्या उंबऱ्याशी उकिडवे बसून राहिले. मला त्यांच्याकडे पाहवेना. मी आत गेलो आणि मुख्याध्यापक, बाबू आणि ते गृहस्थ यांच्यासमोर सांगून टाकले की, जुने सॉफ्टवेअर मी काढले, आणि यंत्राने विचारले असतानाही न पाहता काढले.

मुख्याध्यापक काही बोलणार, तोच बाबू म्हणाले, "मास्तर, परवाच सांगितलं असतं तर परवाच झालं असतं. काय बिघडलं ते मी शोधत होतो. काय काढलं ते कुणी सांगत नव्हतं." एवढे बोलून ते उठले. कपाटातून त्यांनी दाखल-खारीज रजिस्टर काढले, ज्यात प्रत्येक मुलाचे नाव शाईने लिहिलेले असते. तळाच्या खणातून छापील दाखल्याचा एक जुना कोरा नमुना काढला आणि आपल्या वळणदार अक्षरात मुलीचा दाखला लिहून दिला. मुख्याध्यापकांनी सही केली, शिक्का मारला. सगळे मिळून पाव तास लागला असेल.

मी विचारले, "बाबू, हे पहिल्या दिवशीच का नाही केलं?" ते म्हणाले, "दाखला कॉम्प्युटरवरच काढायचा असा इथला शिरस्ता. पहिल्या दिवशी माझ्यावर आळ होता. त्यात शिरस्ताही मोडू का?"

हे उत्तर मला आयुष्यभर पुरेल. ज्याच्यावर आळ आहे तो माणूस नेहमीच्या वाटेबाहेर एक पाऊल टाकायला धजत नाही. मी सॉफ्टवेअर काढले त्याने संगणक अडला. पण मी गप्प राहिलो त्याने बाबूंचा हात अडला, आणि तिसऱ्याच एका माणसाचा रोज बुडाला. पहिली चूक अज्ञानाची होती. दुसरी जाणूनबुजून केलेली, आणि खरे नुकसान तिने केले. शाळेत एक माणूस दुसऱ्याच्या खरेपणावर टेकून काम करीत असतो. तो टेकू मी न विचारता काढून घेतला होता, आणि तो कुठल्याही यादीत नोंदलेला नव्हता.

पुढचे सोपे होते. त्या सॉफ्टवेअरची सीडी मेहकरच्या एका डीटीपीच्या दुकानात निघाली. स्नेहसंमेलनाच्या पत्रिका छापताना शाळेने ती तिथे दिली होती आणि परत आणायची राहिली होती. ती पुन्हा बसवली, दाखल्यांचा कार्यक्रम उघडला, जुन्या पत्रांतली मराठी परत मराठी झाली. मग दिवाळीच्या सुट्टीत बाबू आणि मी रोज दोन तास बसून एकेक जुने पत्र युनिकोडमध्ये आणले. पुण्याच्या त्या मुलाला फोन केला. त्याने दाखल्यांचा कार्यक्रम सुधारून पाठवला आणि दोनदा 'सर, चुकलंच माझं' म्हणाला. उन्हाळ्यात आम्ही सर्वांना विचारले, सगळ्याची एक प्रत बाजूला काढून ठेवली, आणि ते जुने सॉफ्टवेअर पुन्हा काढले. या वेळी चौकट आली तेव्हा शेजारी बाबू बसलेले होते. एकेका फाइलीचे नाव वाचून आम्ही 'होय' म्हणालो. त्यानंतरचे आठ दिवस सकाळी शाळेत आलो की मी आधी कचेरीत डोकावत असे.

म्हणजे मी काढायला निघालो ती वस्तू काढण्यासारखीच होती. काढण्याची रीत तेवढी मला माहीत नव्हती. आधी विचारावे; मग बाजूला ठेवून पाहावे; मग काढावे; आणि काढल्यावर लगेच निघून जाऊ नये. थोरल्या काकांबद्दल एक गोष्ट वर सांगायची राहिली. छप्पर खचले त्या रात्री, वडिलांशी ते भांडण चालू असतानाच काका आपल्या नव्या घरासाठी आणलेल्या बल्ल्या खांद्यावर घेऊन आले होते. भर पावसात त्यांनी आमच्या तुळयांना चार टेकू दिले आणि उजाडेपर्यंत ते तिथेच उभे राहिले. भिंतीचा वाद पुढे कुणी काढला नाही.

यंदाही माळा उतरला आहे. अंगणात सामान पसरले आहे. तो किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन पत्नीने आताच विचारले, "अहो, हे ठेवायचं की टाकायचं?"

मी म्हणालो, "थांब. आधी आईला विचारू."

आई ओसरीवर वाती वळीत बसली होती. तिने जुडगा हातात घेतला, एकेक किल्ली बोटांनी चाचपली, दोन वेगळ्या काढल्या आणि बाकीचा जुडगा परत देत म्हणाली, "एवढ्या ठेव. बाकीच्या टाका खुशाल."